उशाखाली सुरी, दुधात जायफळ

सोसायटीचा, माहेरचा आणि ह्यांच्या निवृत्त मित्रांचा, अशा तिन्ही ग्रुपांवर गेल्या महिन्यात एकच संदेश येऊन पडला. 'पार्किन्सन्सच्या पेशंटला शांत झोप हवी? हे घरगुती उपाय करा.' खाली हात जोडलेली सहा चित्रे. मजकूर थोडक्यात असा: झोप उडते ती काळजीने, मन शांत ठेवा. झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे म्हणजे दृष्ट किंवा मनात दाबलेला राग, उशाखाली सुरी ठेवा. रात्रीच्या गोळीबरोबर पेलाभर गरम दुधात अर्धे जायफळ उगाळून द्या. संध्याकाळी सातनंतर कंपवाताची गोळी बंद करा, म्हणजे मेंदूला विश्रांती मिळेल. आणि सहानंतर पाणी नाही, दिवसा डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही.

माझ्या नवऱ्याला कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स, होऊन नऊ वर्षे झाली. स्वमदत गटात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. मी शुभंकर, म्हणजे रात्री दोनला जागी असणारी. डॉक्टर नाही. पण ह्यातले तीन उपाय घरात करून बसलेय, तेव्हा थोडे बोलते.

काळजीने झोप उडते, हे पहिले. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ह्या आजारावर निबंध लिहिला, त्यातच झोप मोडत असल्याची नोंद आहे. झोप आणि जाग चालवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात असतात आणि आजार तिथेही पोचतो, पुष्कळदा हात थरथरायला लागण्याच्या आधी. काळजी, उदासी असतेच. पण तीही बरेचदा आजाराचाच भाग असते आणि तिच्यावर उपचार असतात. 'मन शांत ठेवा' म्हटले की दोष माणसावर जातो. संदेश वाचून हे म्हणाले, "म्हणजे मला झोपायचंही नीट जमत नाही तर."

आता सुरी. आमच्याकडे ती सासूबाईंनी ठेवली होती. हे तेव्हा झोपेत शिव्या द्यायचे, लाथा झाडायचे. स्वप्नात कुत्रा मागे लागायचा. एका रात्री हात माझ्या गालावर बसला. आठवडाभर मी शेजारणींना 'कपाटाचं दार लागलं' सांगत होते. सुरी त्या रात्रीही उशाखालीच होती, आणि सकाळी ती उचलून ओट्यावर ठेवताना माझे हात ह्यांच्यापेक्षा जास्त थरथरत होते.

घडते ते असे. स्वप्नांच्या झोपेत मेंदू अंगाच्या स्नायूंना कुलूप घालतो, श्वास आणि डोळे तेवढे चालू राहतात. म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी पाय अंथरुणातच असतात. ते कुलूप बिघडले की माणूस स्वप्न अंगाने जगतो. अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसमध्ये शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ साली ह्याचे रीतसर वर्णन केले. पुढे असे दिसले की हा त्रास कंपवाताच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होऊ शकतो. तपासणीत हा विकार नक्की झालेल्या, पण तोवर कंपवात नसलेल्या १,२८० जणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा की बारा वर्षांत जवळजवळ तीनचतुर्थांश लोकांना कंपवात किंवा त्याच्या नात्यातला स्मृतिभ्रंश होतो. घाबरवायला सांगत नाही. झोपेत हात उडवणारा प्रत्येक जण ह्यात बसत नाही. घोरताना श्वास अडकणाऱ्यांना आणि नैराश्याची काही औषधे घेणाऱ्यांनाही असे होते. कोणते काय, ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रीकरण दाखवले तर बोलणे पटकन पुढे सरकते. मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात, त्यातही क्लोनाझेपामने तोल जाऊ शकतो आणि घोरणाऱ्याचा श्वास आणखी अडू शकतो, म्हणून शेजारच्या काकांची चिठ्ठी आपल्या घरी चालवू नये. औषध लागू पडेपर्यंत आम्ही पलंग काढून गाद्या जमिनीवर घातल्या, टेबल लांब सरकवले आणि दोघांच्या मध्ये लोड ठेवला. आणि राग? आमच्या ह्यांनी दूधवाल्याशीही कधी आवाज चढवलेला नाही.

जायफळाच्या दुधाबद्दल लिहिताना मला जरा शरमल्यासारखे होते, कारण ते मी दोन महिने प्रेमाने दिले. जायफळ बासुंदीत चिमूटभर ठीक. अर्धे जायफळ हे औषधाचे नव्हे, विषबाधेच्या दिशेचे प्रमाण आहे: जास्त झाले की धडधड, तोंडाला कोरड आणि भास. कंपवातात भास तसेही होतात, मग कशाचे कुठले हे कुणी ओळखायचे? पण खरा घोटाळा दुधाचा. कंपवाताच्या गोळीतले मुख्य औषध, लेव्होडोपा, आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते ते प्रथिनांच्या घटकांच्याच वाटेने. दोघे एकदम दारात आले की गोळी मागे राहते. मी गोळी दुधाबरोबरच देत होते, आणि ती चढतच नाही म्हणून कंपनीला नावे ठेवत होते. आता गोळी जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. दूध हवेच असेल तर गोळीपासून चांगले लांब. ह्याच संदेशाच्या दुसऱ्या आवृत्तीत खाजकुहिलीच्या बियांचे चूर्ण आहे. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असते, १९३७ साली दोन भारतीय संशोधकांनीच ते वेगळे काढले. म्हणूनच ते गोळीवर वरून, डॉक्टरांना न सांगता घ्यायचे नाही. मात्रा किती झाली ते कुणालाच कळत नाही.

सातनंतर गोळी बंद, हा सगळ्यांत निर्दय सल्ला. मेंदूला विश्रांती वगैरे काही मिळत नाही. साध्या गोळीचा असर काही तासांचाच. संध्याकाळची शेवटची गोळी लवकर झाली तर मध्यरात्रीनंतर अंग लाकडासारखे होते. कूस वळता येत नाही, पांघरूण ओढता येत नाही, पहाटे पायाची बोटे आत वळतात आणि पोटऱ्या पिळवटतात. बाहेरून दिसते ते एवढेच: 'झोप लागत नाही हो ह्यांना.'

हे मला वही ठेवल्यावर कळले. पंधरा दिवस फक्त वेळ आणि कारण लिहिले. दीड: लघवी. तीन: कूस वळेना, हाक मारली. साडेचार: पोटरी. पाच: ओरडले. तोवर मी 'झोप येत नाही' ही एकच तक्रार समजत होते. वहीत ती चार निघाली, आणि चौघींचे उपाय वेगळे. डॉक्टरांनी झोपताना सावकाश विरघळणारी गोळी दिली (ही कुटायची किंवा चावायची नसते, हे औषधवाल्याने सांगितले म्हणून कळले). सकाळी घ्यायची एक गोळी आम्ही रात्री देत होतो, तीच जागे ठेवत होती. मी घरच्या घरी सॅटिनची आडवी पट्टी चादरीवर कंबरेखाली शिवली. त्यावरून कूस सरकते.

पाण्याचे थोडक्यात. पाणी तोडले की बद्धकोष्ठ वाढते आणि उठताना रक्तदाब कोसळून माणूस पडतो. दिवसाचा कोटा तोच ठेवून तो संध्याकाळपर्यंत संपवायचा. उशाकडची बाजू थोडी उंच केली तर रात्री लघवी कमी होते. अंथरुणाजवळ भांडे ठेवायला लाजू नये.

दिवसाच्या डुलकीबद्दल संदेशात निम्मे खरे आहे. दुपारभर झोपले तर रात्र जाणारच. पण पाणी शिंपडून जागे ठेवणे, हे मी एका घरात पाहिले, ते चुकीचे. दुपारी तीनच्या आत अर्धा तास पुरे, आणि सकाळी गच्चीवर किंवा खिडकीत उजेड. आणि कंपवाताच्याच प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ह्या गोळ्या चालू असतील तर झोप सांगून येत नाही, बोलता बोलता झडप घालते. गाडी चालवताना असे झोपून अपघात झालेल्या रुग्णांची नोंद १९९९ सालीच प्रसिद्ध झाली होती. हे एकदा हातातला चहाचा कप तसाच धरून झोपले. त्या दिवसापासून स्कूटरची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, आणि त्यावरून दर रविवारी आमचा वाद होतो.