बाळाच्या लसीची तारीख लिहिली, आईच्या शुगरची राहिली

परवा कपाट आवरताना मुलीच्या जन्माच्या वेळची फाईल हाती लागली. सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद आणि सगळ्यात शेवटी डिस्चार्ज कार्ड. ते कार्ड मी आठ वर्षांनी पहिल्यांदाच नीट वाचलं. बाळासाठी त्यात अख्खं एक पान होतं. ६ आठवडे, १० आठवडे, १४ आठवडे, ९ महिने, प्रत्येक लसीपुढे तारीख आणि शिक्का मारायला चौकोन. माझ्या वाट्याला चार ओळी होत्या. टाक्यांची काळजी, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, त्रास झाल्यास दाखवणे. आणि वर, निदानाच्या रकान्यात, घाईघाईत लिहिलेलं एकच अक्षरांचं जुडगं: जीडीएम. त्याच्यापुढे ना तारीख होती, ना चौकोन.

जीडीएम म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. माझा २६व्या आठवड्यात सापडला होता. त्यानंतर बाळंतपणापर्यंत मी दिवसातून चार वेळा बोट टोचत होते आणि आकडे वहीत लिहीत होते. एक दिवस चुकवला नाही, कारण बाळाचा प्रश्न होता. बाळ झालं, दुसऱ्या दिवशी शुगर ९१ आली आणि मला सांगण्यात आलं, "गेली तुमची शुगर, आता काळजी करू नका." मला इतकं हायसं वाटलं की ती वहीसुद्धा मी टाकून दिली.

चार वर्षांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनची वेळ आली. आधीच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये उपाशीपोटीची शुगर १४८ आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ७.६. दोन्ही आकडे मधुमेहाचे. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "गरोदरपणात शुगर होती का?" मी म्हटलं, "होती, पण नंतर गेली होती." त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यानंतर कधी तपासली होतीत?"

एकदाही नाही. चार वर्षांत एकदाही नाही, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. पुढे डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा पडद्यावर सुरुवातीचे बदल दिसले. म्हणजे आजार नुकताच आला नव्हता. मुलीच्या मागे धावताना येणारा थकवा, रात्री दोन-तीनदा उठणं, हे सगळं मी लहान मूल घरात असण्याच्या खात्यावर टाकत आले होते.

म्हणून "गेली" या शब्दावर माझा राग आहे. तो शब्द प्रेमाने वापरला जातो, दमलेल्या बाईला धीर द्यायला वापरला जातो, हे मला कळतं. पण तो अर्धाच खरा आहे.

गरोदरपणात वार, म्हणजे प्लासेंटा, काही हार्मोन्स तयार करते. त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, म्हणजे बाळाला साखर पुरेशी मिळत राहते. बहुतेक स्त्रियांचं स्वादुपिंड अशा वेळी जास्त इन्सुलिन बनवून ही तूट भरून काढतं. ज्यांचं स्वादुपिंड तेवढं पुरं पडत नाही, त्यांची शुगर वाढते. बाळंतपणात वार बाहेर पडली की तो ताण संपतो आणि आकडे खाली येतात. पण स्वादुपिंडाची ताकद तितकीच राहते, जितकी आधी होती. गरोदरपणाने फक्त ती कमी आहे हे दाखवून दिलेलं असतं. पुढे वय वाढतं, वजन वाढतं, झोप कमी होते, तेव्हा तीच तूट परत उघडी पडते.

या विषयावर वाचायला लागले तेव्हा एका गोष्टीने मला हलवून सोडलं. गरोदरपणातल्या ग्लुकोज चाचणीचे आकडे पहिल्यांदा नीट ठरवले गेले ते १९६४ साली, अमेरिकेत बॉस्टनमध्ये. जॉन ओसुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी आणि क्लेअर माहान या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी ७५२ गरोदर स्त्रियांच्या चाचण्यांवरून ते काढले. आणि कशासाठी काढले? या आईला पुढे मधुमेह होईल का, हे आधी ओळखता यावं म्हणून! बाळाचं वजन, बाळंतपणातल्या अडचणी यांच्याशी थेट जोडलेले आकडे खूप नंतर आले. २००८ साली नऊ देशांतल्या वीस हजारांहून जास्त स्त्रियांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आधाराने जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली नवे निकष दिले. ते यायलाच हवे होते. पण ज्या चाचणीची सुरुवातच आईच्या उद्याच्या काळजीतून झाली, तिच्यात आता आईचा उद्या कुठे आहे? बाळ सुखरूप बाहेर आलं की फाईल बंद.

आणि हा उद्या लांबचा नाही. २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आधीचे अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. गरोदरपणात शुगर वाढलेल्या स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सातपट तरी असतो, असं त्यात निघालं. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १३ लाखांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा तो आकडा जवळजवळ दहापट आला. त्यातही मधुमेह होण्याचं प्रमाण पहिल्या पाच वर्षांत सगळ्यात वेगाने वाढतं. म्हणजे नेमकी ती वर्षं, जेव्हा आईला स्वतःकडे बघायला फुरसत नसते. हृदयविकाराचाही धोका सुमारे दुप्पट, आणि ज्यांना पुढे मधुमेह झाला नाही त्यांच्यातही तो थोडा जास्तच राहतो.

मग करायचं काय असतं? बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत एक चाचणी. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज घातलेलं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा जास्त आलं तर मधुमेह समजायचा, आणि दुसऱ्या आकड्याने खात्री करून घ्यायची. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ आलं तर ती मधली अवस्था, प्रीडायबेटीस. सगळं नॉर्मल आलं तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासणी, आणि ती जन्मभर.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तेव्हाच का करत नाहीत, असा प्रश्न मलाही पडला होता. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, लाल पेशी नव्याने बनत असतात, अंगात लोह कमी असतं. त्यामुळे त्या काही आठवड्यांत ती चाचणी फसवी येऊ शकते. पुढच्या वर्षांत ती चालते. ब्रिटनमध्ये तर सुरुवातीला फक्त उपाशीपोटीची शुगर आणि नंतर दरवर्षी एचबीएवनसी अशी पद्धत आहे. दोन तास बसणं खरंच जमणार नसेल तर निदान उपाशीपोटीची तरी करा, असंच मी म्हणेन. पण जमत असेल तर दोन तासांचीच करा. का, ते सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीलाही गरोदरपणात शुगर निघाली. या वेळी मी सोडणार नव्हते. बाळ सात आठवड्यांचं असताना मी तिला घेऊन लॅबमध्ये गेले. पहिलं रक्त झालं. मग तिच्या हातात तो ग्लास. कोमट, चिकट, इतकं गोड की दुसऱ्या घोटालाच तिने डोळे मिटले. पाच मिनिटांत संपवायचं होतं. चाळीस मिनिटांनी बाळ उठलं आणि रडून लॅब डोक्यावर घेतली. दूध पाजलं तर चालेल का हे हिला माहीत नव्हतं, ती नुसती माझ्याकडे बघत बसली. लॅबच्या ताई म्हणाल्या, "पाजा की, त्याला कशाला उपाशी ठेवता!" ओढणीआड बाळाला घेऊन ती त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. पोटात काही नाही, रात्रभर झोप नाही. मी घड्याळ बघत होते आणि मनात येत होतं की ही चाचणी बायका का टाळतात हे समजायला कुठल्या संशोधनाची गरज नाही, या खोलीत दोन तास बसलं तरी पुरे.

संध्याकाळी रिपोर्ट आला. उपाशीपोटी ९४, दोन तासांनी १५६. नुसती उपाशीपोटीची केली असती तर पुन्हा तेच ऐकलं असतं, "गेली." १५६ म्हणजे मधुमेह नाही, पण वाट तीच. मला हे चार वर्षांनी आणि डोळ्यांच्या पडद्यावरून कळलं. तिला सात आठवड्यांत कळलं.

आणि त्या टप्प्यावर कळलं तर हातात खूप काही असतं. अमेरिकेत प्रीडायबेटीस असलेल्या लोकांवर मधुमेह रोखण्याचा एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन ७ टक्क्यांनी कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढं एका गटाचं लक्ष्य होतं. दुसऱ्या गटाला मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिलं होतं. पूर्वी गरोदरपणात शुगर वाढलेल्या स्त्रियांचा हिशोब नंतर वेगळा काढला, तेव्हा दोन्ही उपायांनी मधुमेह होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. दहा वर्षांनी पाहिलं तरी फायदा टिकून होता, व्यायाम-आहाराच्या गटात ३५ टक्के आणि मेटफॉर्मिनच्या गटात ४० टक्के. स्तनपानाचाही उपयोग होतो, जितकं जास्त काळ तितका धोका कमी दिसतो. (ज्यांना पाजणं जमलं नाही त्यांनी कृपया हे वाक्य मनाला लावून घेऊ नका. तुमचे बाकीचे सगळे मार्ग उघडे आहेत.)

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर ही तपासणी आणखी महत्त्वाची. बाळाचं हृदय, पाठीचा कणा हे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, कित्येकदा दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. त्या काळात आईची शुगर नकळत खूप वाढलेली असेल तर बाळात जन्मजात दोष राहण्याची शक्यता वाढते. म्हणून शुगर आधी बघायची, मग पुढचं ठरवायचं.

आता माझं खरं म्हणणं. "बायका स्वतःकडे लक्षच देत नाहीत," हे वाक्य मी या विषयावर इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. जी बाई बाळासाठी तीन महिने दिवसातून चार वेळा बोट टोचून घेते, तिला निष्काळजी कसं म्हणता? कॅनडात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा स्त्रियांना आणि त्यांच्या डॉक्टरांना बाळंतपणानंतर चाचणीची आठवण करून देणारं साधं पत्र टपालाने पाठवलं. ज्या गटात कुणालाच पत्र गेलं नाही, तिथे ग्लुकोजची चाचणी सुमारे १४ टक्के स्त्रियांनीच केली. आई आणि डॉक्टर दोघांनाही पत्र गेलं, त्या गटात सुमारे ६० टक्क्यांनी. बायका त्याच, चाचणीही तीच. मध्ये फक्त एक कागद आला.

आमच्या बाबतीत तो कागद कुणी द्यायचा हेच ठरलेलं नसतं. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांचं काम टाके भरल्यावर संपतं. बाळाचे डॉक्टर बाळ बघतात. घरच्या नेहमीच्या डॉक्टरांपर्यंत ते जीडीएम पोचतच नाही, आणि आपण सांगत नाही कारण आपल्या लेखी ती गेलेली असते. तिघंही आपापलं काम चोख करतात आणि आई मधल्या फटीतून खाली पडते.

मला वाटतं, आईची ही चाचणी बाळाच्या लसीच्या पानावरच छापावी. ६ आठवड्यांच्या लसीच्या ओळीखाली एक ओळ: आईची ग्लुकोज चाचणी, तारीख, चौकोन. त्या पानाला घरातलं प्रत्येक माणूस मान देतं. आजी-आजोबा आठवण करतात, नवरा सुट्टी काढतो, पाऊस असो की ऊन, लस चुकत नाही. त्याच दिवशी, त्याच फेरीत आईचं रक्त घेतलं तर वेगळा दिवस काढायला नको. बाळ सांभाळायला कुणीतरी बरोबर आलेलंच असतं. हे वाचणाऱ्यांत कुणी स्त्रीरोगतज्ज्ञ असाल, बालरोगतज्ज्ञ असाल, नर्स असाल, तर हात जोडून विनंती आहे, छापील पान बदलेल तेव्हा बदलेल, तोवर ती ओळ पेनाने लिहा.

"नव्या आईला कशाला घाबरवायचं?" असं कुणी म्हणेल. मला चार वर्षांनी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी कळलं, त्यापेक्षा ती भीती नक्कीच लहान असती.

आणि तुमचं बाळ आता दोन वर्षांचं असो की बारा, तपासणी राहिली असेल तर वेळ गेलेली नाही. फाईल सापडत नसेल, आकडे आठवत नसतील तरी चालेल. डॉक्टरांकडे कुठल्याही कारणाने जाल तेव्हा "गरोदरपणात माझी शुगर वाढली होती, नंतर तपासलेली नाही" एवढं एक वाक्य सांगा, पुढची चाचणी ते लिहून देतील. माझी मैत्रीण काल हे वाक्य बोलून आली, मुलगा तिचा सहावीत आहे. उद्या सकाळी तिचं रक्त द्यायचंय. मी जाणार आहे बरोबर.