रेल्वेचं चाक वळणावर नेमकं काय करतं? एका व्हायरल उत्तराचा प्रतिवाद

एक छोटा व्हिडिओ बराच काळ फिरतो आहे. दोन प्लास्टिकचे पेले तोंडाला तोंड लावून चिकटवलेले असतात. ते दोन समांतर काठ्यांवरून घरंगळतात, आणि काठ्या वळल्या तरी न पडता त्यांच्याबरोबर वळतात. खालचा मजकूर थोडक्यात असा: "रेल्वेला स्टिअरिंग नसतं, मोटारीसारखं दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. तिची चाकं शंकूच्या आकाराची असतात, एवढंच रहस्य. वळणावर केंद्रापसारक बलाने गाडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर आणि आतलं लहान व्यासावर चालतं, आणि गाडी आपोआप वळते. चाकाची कड रुळाला कधीच लागत नाही, ती फक्त अपघात टाळण्यासाठी असते. उतार जितका जास्त तितकं वळण सोपं. शंकू नसता तर गाडी वळलीच नसती."

पेल्यांचा प्रयोग खरा आहे आणि मुलांना जरूर दाखवावा असा आहे. पण त्या पेल्यांना कुणी धरलेलं नसतं. गाडीखालची चाकजोडी, म्हणजे एक ॲक्सल आणि त्याच्या दोन टोकांना दाबून पक्की बसवलेली दोन चाकं, ही एका चौकटीत धरलेली असते. तिला किती घट्ट धरलंय, कोणत्या दिशेने मोकळीक दिलीय, यावर गाडी कशी वळते हे ठरतं. रेल्वे अभियंत्यांनी दीडशेहून जास्त वर्षं ज्या प्रश्नावर डोकं झिजवलं तो प्रश्न या व्हिडिओत येतच नाही, आणि म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी यात जे बरोबर आहे ते. दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर पक्की असल्यामुळे त्यांचे फेरे सारखेच होतात. वळणावर मात्र बाहेरचा रूळ लांब पडतो. १४३५ मिलिमीटर गेजवर (दोन रुळांमधलं अंतर) चाकं रुळाला जिथे टेकतात त्या दोन बिंदूंमधलं अंतर साधारण दीड मीटर धरतात. त्या हिशेबाने पूर्ण काटकोनात वळणाऱ्या मार्गावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त लांब असतो, मग वळणाची त्रिज्या २०० मीटर असो की २००० मीटर. हा फरक कुठेतरी भरून निघायलाच हवा. चाकाची धाव, म्हणजे रुळावर टेकणारा भाग, कडेच्या, म्हणजे चाकाच्या आतल्या अंगाला रुळाखाली उतरणाऱ्या ओठाच्या, बाजूला किंचित मोठ्या व्यासाची ठेवली की चाकजोडी बाहेर सरकल्यावर बाहेरचं चाक प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापतं. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे.

आता केंद्रापसारक बलाचं बघू. चाकजोडी बाहेर सरकते ती भूमितीमुळे. ती सरळ जात असते आणि तिच्याखालचे रूळ एका बाजूला वळायला लागतात, त्यामुळे रुळांच्या मानाने ती बाहेर पडते. चालण्याच्या वेगाने ढकललेली रिकामी वाघीणसुद्धा (मालडबा) हेच करते. तिथे केंद्रापसारक बल नगण्य असतं. त्याहून पक्का पुरावा उंच-सखल रुळांचा. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा वर उचललेला असतो. तिथून संथ मालगाडी गेली की तिचं वजन आतल्या बाजूला कलतं, म्हणजे एकूण बाजूचा जोर आतल्या दिशेने असतो. तरीही ताठ बोगीचं, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीचं, पुढचं ॲक्सल बाहेरच्या रुळालाच जाऊन भिडतं. बाहेर फेकणाऱ्या बलामुळे चाक सरकत असतं तर हे घडलंच नसतं. रुळाला दिलेली ती उंची बलाचा आणि प्रवाशांच्या सोयीचा हिशेब सांभाळते. चाक कुठे वळायचं हे ती ठरवत नाही.

"कड रुळाला कधीच लागत नाही" हे विधान मात्र सरळ चूक आहे, आणि ते साध्या गुणाकार-भागाकाराने कळतं. चाकाची त्रिज्या ०.४६ मीटर, धावेचा उतार २० ला १ (धावेवर २० मिलिमीटर आडवं गेलं की त्रिज्या १ मिलिमीटरने बदलते), वळण ५०० मीटर त्रिज्येचं. चाकाच्या एका फेऱ्याला बाहेरच्या बाजूला सुमारे ८.७ मिलिमीटर जास्त अंतर लागतं. तेवढा फरक नुसत्या उतारातून मिळवायचा तर चाकजोडी मध्यापासून जवळपास १४ मिलिमीटर बाहेर सरकायला हवी. पण कड आणि रूळ यांच्यातली मोकळी जागा एका बाजूला साधारण ५ ते ७ मिलिमीटर एवढीच असते. म्हणजे चाकजोडी अर्ध्या वाटेवर पोचते तोच कड रुळाला टेकते. २०० मीटरच्या वळणावर तर ३४ मिलिमीटर सरकावं लागेल, त्याचा विचारच नको. या उताराच्या चाकाला १००० मीटरच्या आसपासची वळणं जेमतेम जमतात. त्याहून तीव्र वळणावर कड काम करते, रोज करते.

हिशेबावर विश्वास नसेल तर रूळ बघावा. तीव्र वळणावर बाहेरच्या रुळाची आतली बाजू घासून तिरपी आणि चकचकीत झालेली दिसते. वळणाच्या तोंडाशी तेल किंवा ग्रीस सोडणारं यंत्र बसवलेलं असतं, ते याच जागेसाठी. कान दिला तर दोन वेगळे आवाज ऐकू येतात. बाहेरच्या बाजूने कड घासल्याची खरखर येते. किंचाळल्यासारखा एकसुरी आवाज मात्र बहुतेक वेळा आतल्या रुळावरून येतो, कारण पुढच्या ॲक्सलचं आतलं चाक तिरपं धरलं गेल्यामुळे रुळावर आडवं घसरत असतं. वाफेच्या इंजिनांचा दाखला तर निर्णायक आहे. पाच चालक ॲक्सल एकाच ताठ चौकटीत असलेल्या इंजिनांमध्ये, उदाहरणार्थ ब्रिटिश रेल्वेच्या ९एफ वर्गात, मधल्या चाकांना कडच दिलेली नव्हती. तिथे कड असती तर ती वळणावर रुळाला अडून बसली असती. कड रुळाला लागतच नसती तर ती काढायची वेळ कुणावर आली नसती.

यापुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. व्हिडिओ त्यावर गप्प आहे, पण "आपोआप वळते" या दोन शब्दांत तो गृहीत धरलेला आहे.

चाकजोडी नीट वळायची तर नुसतं बाहेर सरकून भागत नाही. ॲक्सलची रेघ वळणाच्या केंद्राकडे रोखलेली हवी. बोगीत दोन ॲक्सल असतात. दोन्ही केंद्राकडे रोखायची तर ती एकमेकांना समांतर राहू शकत नाहीत. दोन ॲक्सलमध्ये अडीच मीटर अंतर आणि ५०० मीटरचं वळण धरा. प्रत्येक ॲक्सलने चौकटीच्या मानाने अंशाचा सातवा हिस्सा फिरायला हवं. चाकाच्या बाहेर ॲक्सलच्या टोकाशी जो ॲक्सलबॉक्स असतो, तिथे हे फिरणं मोजलं तर अडीच मिलिमीटर भरतं. बाहेरच्या बाजूला दोन ॲक्सलबॉक्समधलं अंतर ५ मिलिमीटरने वाढायला हवं आणि आतल्या बाजूला तेवढंच घटायला हवं. २०० मीटरच्या वळणावर एकेका ॲक्सलबॉक्सचं सरकणं ६ मिलिमीटरच्या पुढे जातं. आकडे किरकोळ वाटतात, पण कित्येक टन भार पेलणारा ॲक्सलबॉक्स पोलादी चौकटीत घट्ट बसवलेला असेल तर एक मिलिमीटर सरकणंही अवघड असतं.

चाक आणि रूळ एकमेकांना भिडतात ती जागा जेमतेम एक चौरस सेंटिमीटर असते. धावेच्या उतारामुळे तिथे निर्माण होणारा जोर ॲक्सलला वळवू पाहतो आणि ॲक्सलबॉक्स धरून ठेवणारी स्प्रिंग किंवा रबर त्याला अडवतं. ही पकड फार ताठ असली की ॲक्सल समांतरच राहतात, पुढचं ॲक्सल बाहेरच्या रुळावर तिरपं आदळतं, आणि शंकू कितीही चांगला कातलेला असला तरी वळवण्याचं काम कडेवर येऊन पडतं. पकड लवचीक असली की तोच शंकू आपलं काम करू शकतो. म्हणून दोन गाड्यांची चाकं एकाच मापाची असून एक वळणावर शांत जाते आणि दुसरी रूळ खाते.

या पकडीवर किती वेगवेगळी उत्तरं शोधली गेली! ब्रिटिश अभियंता विल्यम ब्रिजेस ॲडम्सने १८६३ मध्ये असा ॲक्सलबॉक्स आणला जो वक्र मार्गदर्शकांत सरकतो, त्यामुळे बाजूला जाताना ॲक्सल आपसूक वळणाकडे तोंड करतं. युरोपातल्या दोन ॲक्सलच्या वाघिणी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर आणि त्या स्प्रिंग झुलत्या कड्यांवर टांगलेल्या असत. कड्यांच्या झुलण्यातूनच ॲक्सलला पुढे-मागे हलायला वाव मिळे. मालगाडीच्या साध्या बोगीत एक वेगळीच अडचण होती. तिच्या दोन बाजूच्या चौकटी आणि मधला आडवा तुळईसारखा भाग वळणावर तिरका होऊन चौकोनाचा समांतरभुज व्हायचा आणि दोन्ही ॲक्सल चुकीच्या कोनात जायची. १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हर्बर्ट शेफेल यांनी दोन्ही चाकजोड्या कर्णरेषेत दांड्यांनी एकमेकींना जोडल्या. त्या दांड्या दोन्ही ॲक्सलना एकमेकांच्या उलट दिशेने फिरू देतात, म्हणजे वळण घेऊ देतात, पण चौकटीला तिरकं होऊ देत नाहीत. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते.

मग सगळ्याच गाड्यांत ॲक्सल सैल का सोडत नाहीत? याचं उत्तर पुढच्या दाव्यात दडलेलं आहे: "उतार जितका जास्त तितकं वळण सोपं." वळणावर हे काही अंशी खरं आहे. पण गाडीला सरळ मार्गावरही धावायचं असतं, आणि तिथे हाच उतार शत्रू होतो. चाकजोडी किंचित डावीकडे सरकली की उतार तिला उजवीकडे आणतो, ती मध्य ओलांडून पलीकडे जाते, पुन्हा परतते. या नागमोडी चालीला हंटिंग म्हणतात. जर्मन अभियंता क्लिंगेलने १८८३ मध्ये तिचं सूत्र मांडलं. वरच्याच चाकासाठी, २० ला १ उतार धरून, एका नागमोडीची लांबी साधारण साडेसोळा मीटर येते. ताशी २०० किलोमीटर वेगाला ही चाल सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होते. धाव झिजून प्रत्यक्ष उतार चौपट झाला तर नागमोडीची लांबी निम्मी होते आणि डुलणं दुप्पट वेगाने होतं. अडवायला काही नसेल तर ते वाढत वाढत कडा दोन्ही रुळांवर आपटण्यापर्यंत जातं.

मार्च १९५५ मध्ये फ्रान्सने ताशी ३३१ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा गाडीखालचे रूळ बाजूला सरकून अक्षरशः नागमोडी झाले होते. त्याच काळात जपानमध्ये तादाशी मात्सुदायरा या प्रश्नावर काम करत होते. ते त्याआधी विमानाच्या पंखांची थरथर अभ्यासणारे अभियंते. ही थरथर बाहेरच्या धक्क्यांमुळे होत नाही, चाकजोडी आणि तिची पकड यांच्यातूनच आपोआप वाढते, हे त्यांनी ओळखलं आणि उपाय पकडीतच शोधला. १९६४ मध्ये शिंकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, सुरू झाली तेव्हा तिच्या चाकांचा उतार ४० ला १ होता, म्हणजे नेहमीच्या निम्मा. उतार वाढवण्याऐवजी घटवला! अर्थात ही चैन तिला परवडली, कारण तिचा मार्गच मोठ्या त्रिज्येच्या वळणांचा बांधलेला होता.

म्हणजे पकड सैल केली तर वळण सुधारतं आणि वेगात गाडी डुलते. ताठ केली तर वेग जमतो आणि वळणावर चाक-रूळ झिजतात. ही ओढाताण आजही संपलेली नाही, प्रत्येक गाडीसाठी वेगळा तोल काढावा लागतो. अलीकडे एक छान वाट सापडली आहे ती वेळेच्या फरकाची. वळणात शिरताना ॲक्सलला सावकाश फिरायचं असतं, हंटिंग मात्र झपाट्याने होतं. म्हणून ॲक्सलबॉक्सच्या बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी कड्यात, तेल भरतात. सावकाश ढकललं तर तेल वाट देतं, झटका दिला तर ते ताठ होतं. बोगी आणि डबा यांच्यामध्ये गाडीच्या लांबीच्या दिशेने डॅम्पर, म्हणजे हालचाल मंदावणारे दट्टे, बसवतात त्यांचंही तत्त्व हेच.

चाक आता सरळ शंकू राहिलेलंही नाही, हे जाता जाता सांगायला हवं. बऱ्याच गाड्यांची धाव वक्र कातलेली असते, कडेकडे जाताना उतार वाढत जातो. थोडं सरकून जास्त फरक मिळावा, आणि झिजल्यावरही आकार फार बदलू नये, हे त्यामागचे दोन हेतू.

राहिला शेवटचा दावा, शंकू नसता तर गाडी वळलीच नसती. स्पेनमधल्या टॅल्गो गाड्या १९५० पासून याला उत्तर देत धावताहेत. त्यांच्या दोन चाकांना जोडणारं फिरतं ॲक्सलच नसतं, प्रत्येक चाक स्वतंत्र फिरतं. त्यामुळे व्यासाच्या फरकातून वळवणारा जोर निर्माणच होत नाही. चाकांची जोडी दोन डब्यांच्या सांध्यावर असते, आणि दोन डबे वळणावर जो कोन करतात त्याच्या बरोबर मधोमध तिला दांड्या फिरवून ठेवतात. इथे वळवण्याचं सगळं काम बसवण्याच्या पद्धतीनेच केलं जातं. स्वतंत्र चाकं जमिनीलगत तळ असलेल्या काही ट्राममध्येही वापरतात, कारण ॲक्सल गेलं की मधली वाट जमिनीलगत नेता येते. तिथे अशा दांड्या नसतील तर सरळ मार्गावरही चाकांना मध्यावर परत आणणारं काही उरत नाही. ती एका रुळाला चिकटून चालत राहतात आणि त्या बाजूची कड लवकर झिजते.