‘तात्पुरती बंद’: डिस्नेलँडबद्दल फिरणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. शेवटचा आत्याने पाठवला आणि खाली विचारलं, “तू तिकडेच राहतोस ना? हे खरं आहे का? आम्ही तिकिटं काढू की नको?” ती फेब्रुवारीत नातवंडांसोबत कॅलिफोर्नियात येणार आहे. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण तिच्यासारखी बरीच माणसं हा मेसेज वाचून बेत बदलत असणार.

मेसेजचा सारांश असा: विस्ताराच्या नावाखाली डिस्नेलँडमधल्या अर्ध्या राइड बंद आहेत. तिथली नदी बुजवली. ‘तात्पुरती बंद’ म्हणजे कायमची बंद. बंद राइड म्हणजे धोकादायक झालेली राइड. रांगा वाढवून रांग टाळायचे ‘फास्ट पास’ विकता यावेत म्हणून त्या मुद्दाम बंद ठेवतात. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण घेतात. तेव्हा पुढची दहा वर्षं तिकडे फिरकू नका.

यातलं एक वाक्य खरं आहे, एक अर्धवट खरं आहे, बाकीची चुकीची आहेत.

“नदी बुजवली.”

नदी बुजवली हे खरं, पण डिस्नेलँडची नव्हे. डिस्नेलँड हे कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमचं पार्क, १७ जुलै १९५५ ला उघडलेलं. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ आहे ते वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, आणि त्यातलं मॅजिक किंगडम हे पार्क १ ऑक्टोबर १९७१ चं. या दोन्ही पार्कांत ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ नावाची नदी होती. दोन्हीकडे मधे टॉम सॉयरचं बेट आणि त्याला वळसा घालणारी जुन्या धाटणीची मोठी बोट. फ्लोरिडातली नदी, बेट आणि बोट ६ जुलै २०२५ हा शेवटचा दिवस करून कायमची बंद झाली. त्या जागी ‘कार्स’ या चित्रपटावर आधारलेला नवा भाग येतोय. हे आधी जाहीर झालं होतं, आणि त्यात ‘तात्पुरतं’ हा शब्द कुठेही नव्हता.

ती नदी गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. गर्दीच्या पार्कात मोकळं पाणी आणि सावली यांची किंमत लहान मुलांना घेऊन उन्हात फिरलेल्या माणसाला कळते. पण कॅलिफोर्नियातली नदी आजही वाहते आहे. एका पार्कची बातमी दुसऱ्याच्या नावावर खपवली की आत्यासारखी माणसं चार हजार किलोमीटर दूरच्या नदीसाठी बेत रद्द करतात.

“‘तात्पुरती बंद’ म्हणजे कायमची बंद.”

ही शंका आपल्याकडे का येते ते मी समजू शकतो. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, तिथे शाळेच्या सहली गेल्या, आणि आज ते बंद आहे. एकदा कुलूप लागलं की उघडत नाही, हा आपला अनुभव. पण आपलाच दुसरा अनुभवही आठवा. नेरळ-माथेरानची गाडी २०१९ च्या पावसाळ्यात रूळ वाहून गेल्याने बंद पडली. “संपली ती गाडी” असं किती जणांनी ठामपणे सांगितलं होतं! ऑक्टोबर २०२२ मध्ये ती नेरळहून पुन्हा वर चढली. आणि दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतोच. त्याला कुणी ‘गाडी मोडीत काढली’ म्हणत नाही.

अ‍ॅनाहाइमच्या नदीची गोष्ट अगदी तशीच आहे. ‘स्टार वॉर्स’वर आधारलेल्या गॅलॅक्सीज एज या १४ एकरांच्या नव्या भागासाठी ११ जानेवारी २०१६ पासून नदी, बेट, दोन्ही मोठ्या बोटी आणि पार्कभोवती फिरणारी वाफेची आगगाडी हे सगळं बंद झालं. पाणी उपसलं, नदीचा मागचा भाग तोडून तिला आखूड केलं, काठ नव्याने बांधला. तेव्हाही असेच मेसेज फिरत होते. २९ जुलै २०१७ ला आगगाडी पुन्हा सुटली. नवा भाग उघडला ३१ मे २०१९ ला. म्हणजे ज्याच्यासाठी बंद केलं ते तयार व्हायच्या जवळजवळ दोन वर्षं आधीच जुनं परत सुरू झालं होतं.

माझे बाबा मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आगगाडी बंद होती तेव्हा, २०१६ च्या उन्हाळ्यात, ते माझ्याकडे होते. बांधकामाभोवतीची फळ्यांची भिंत बघून मला वाटलं, हिरमुसतील. ते म्हणाले, “पीओएचला गेलीय. येईल.” पीओएच म्हणजे ठरावीक काळाने डबा किंवा इंजिन पूर्ण उघडून करायची दुरुस्ती, आयुष्यभर त्यांनी तेच काम केलं. २०१८ मध्ये ते परत आले तेव्हा आम्ही त्या गाडीत बसलो. नदीच्या कडेने नवा पूल बांधलाय, आणि त्यावर त्या गाडीच्या इतिहासातलं पहिलं डावं वळण आहे. त्याआधी साठ वर्षं ती उजवीकडेच वळत होती. बाबा सबंध फेरीभर खिडकीबाहेर न बघता रुळांकडे बघत होते.

आता दुसरी बाजू. तात्पुरतं म्हणून बंद झालेलं कायमचं गेल्याचं उदाहरण डिस्नेलँडमध्ये आहे. पार्कच्या टुमारोलँड या भागातल्या उंच मार्गावरची ‘रॉकेट रॉड्स’ ही राइड १९९८ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २००० मध्ये दुरुस्तीसाठी बंद केली गेली. २००१ च्या वसंतात ती परत येणार होती. त्याऐवजी आली ती कायमची बंद झाल्याची घोषणा. तो रिकामा मार्ग अजून डोक्यावर उभा आहे, आणि दर वेळी त्याच्याखालून जाताना मला चुटपुट लागते. पाणबुड्यांची राइड १९९८ साली थांबली ती नव्या रूपात थेट जून २००७ मध्ये सुरू झाली. म्हणून या वाक्याला मी ‘अर्धवट खरं’ म्हणतो. पण समोरच्या पारड्यात स्पेस माउंटन ही रोलर कोस्टर आहे: एप्रिल २००३ ते जुलै २००५ बंद, आतला सगळा ट्रॅक नवा, आणि पार्कच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पुन्हा सुरू. बिग थंडर माउंटन जानेवारी २०१३ ते मार्च २०१४ बंद होतं, तिथेही ट्रॅक बदलला. त्यानंतर त्या दोन्हींत लाखो लोक बसून गेलेत.

“बंद राइड म्हणजे धोकादायक राइड.”

मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते उलटं आहे आणि त्यामुळे घातक आहे.

रोलर कोस्टरला सुट्टी असते तेव्हा काय चालतं? गाडी रुळावरून उतरवतात आणि सुटी करतात. चाकं, बेअरिंग, आस, सीटवरचे दांडे, सगळं बाहेर येतं. डोळ्यांना न दिसणारे तडे शोधायला धातूच्या भागांची चुंबकीय किंवा ध्वनिलहरींची तपासणी होते. पाण्याच्या राइडचं पाणी सोडून देतात, कारण तळातली यंत्रणा पाण्याखाली असताना तपासता येत नाही. रोज पहाटे ट्रॅकची पाहणी होतेच, पण हे काम रात्रीच्या चार-सहा तासांत होत नाही. मुंबईकराला हे समजवावं लागू नये. रविवारचा मेगाब्लॉक असतो तेव्हा आपण कुरकुरतो, पण लोकल धोकादायक झाली म्हणून ब्लॉक घेतला असं कुणी म्हणत नाही. ती धोकादायक होऊ नये म्हणून तो घेतात.

थांबवायला हवं तेव्हा थांबवलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. ऑल्टन टॉवर्समधल्या ‘स्माइलर’ या कोस्टरचा मार्ग, रेल्वेसारखाच, ब्लॉकमध्ये विभागलेला आहे. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढची गाडी बाहेर पडल्याशिवाय मागची आत सोडायची नाही. २ जून २०१५ ला चाचणीची एक रिकामी गाडी मार्गावर अडकून पडली. संगणकाने प्रवाशांनी भरलेली मागची गाडी थांबवली. यंत्रणेने तिचं काम चोख केलं होतं. इंजिनिअरांना वाटलं की तिचीच काहीतरी चूक होतेय, आणि त्यांनी तो अडथळा हाताने काढून गाडी सोडली. सोळा जण जखमी झाले, दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला. चालवणाऱ्या कंपनीला २०१६ मध्ये ५० लाख पौंडांचा दंड झाला. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “सिग्नल लाल असताना गाडी काढली.”

खुद्द डिस्नेलँडमध्येही झालंय. डिसेंबर १९९८ मध्ये कोलंबिया या जहाजाच्या धक्क्यावर झालेल्या अपघातात एका पाहुण्याचा जीव गेला. त्यानंतर १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायमस्वरूपी पार्कांतल्या राइडच्या सरकारी तपासणीचा कायदा केला. सप्टेंबर २००३ मध्ये बिग थंडरवर एका तरुणाचा मृत्यू झाला आणि देखभालीतली चूक हे कारण चौकशीत पुढे आलं. दोन्ही वेळा राइड चालू होती. फ्लोरिडात मोठ्या पार्कांना राज्याच्या तपासणीतून सूट आहे, ती स्वतःच तपासणी करतात. सुरक्षेची काळजी असेल तर प्रश्न त्या सवलतीबद्दल विचारायला हवा.

पार्कच्या अ‍ॅपवर एखादी राइड अर्धा तास बंद दिसते ती गोष्ट वेगळी. कुणाची टोपी पडली, एखाद्या सेन्सरला शंका आली, वीज चमकली, की राइड थांबते. फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी विजांमुळे उघड्यावरच्या राइड थांबणं नेहमीचं आहे. त्याचा विस्ताराशी काही संबंध नाही.

“अर्ध्या राइड बंद आहेत.”

डिस्नेलँडमध्ये डझनावारी राइड आहेत. ठरवून बंद ठेवलेल्या बहुधा एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यातल्या काही दर वर्षीच ठरलेल्या असतात: हाँटेड मॅन्शन आणि इट्स अ स्मॉल वर्ल्ड या दोन्ही सणासुदीची सजावट चढवायला आणि उतरवायला बंद होतात.

एक गोष्ट मात्र खरंच ध्यानात ठेवा. नाताळची गर्दी ओसरली की जानेवारी-फेब्रुवारीत दुरुस्त्यांचा हंगाम असतो. आपली मंडळी गर्दी टाळायला आणि स्वस्त तिकीट मिळवायला नेमकी तेव्हाच येतात. मे-जूनच्या सुट्टीत आलात तर बंद राइड कमी आणि माणसं जास्त.

“फास्ट पास विकण्यासाठी मुद्दाम बंद ठेवतात.”

बंद राइडचा पास विकता येत नाही. मोठी राइड तासाला हजार-दीड हजार माणसं सामावते; ती बंद झाली की ती माणसं इतर रांगांत जातात, चिडतात, आणि पुढच्या वेळी येत नाहीत. असलं नुकसान कुणी हौसेने ओढवून घेत नाही. जुना फास्टपास १९९९ पासून २०२० पर्यंत फुकट होता, २०२१ पासून रांग टाळायचे पैसे पडू लागले, याचा राग रास्त आहे आणि तो मलाही आहे. रांगा लांबल्या की हे पास जास्त खपतात हेही मान्य. पण म्हणून दुरुस्ती हा बहाणा ठरत नाही.

“तिकीट मात्र पूर्ण घेतात.”

हे वाक्य खरं आहे. राइड बंद असली तरी तिकिटात सूट नाही. १९५५ मध्ये प्रवेशाचे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे पैसे द्यावे लागत, आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखे. पाळणा बंद, तर पैसे खिशात. १९८२ मध्ये कुपनांची ती पद्धत संपली आणि एकाच तिकिटात सगळ्या राइड आल्या. तेव्हापासून बंद राइडचा तोटा पाहुण्याच्या माथी बसतो. तारखेनुसार दर बदलतात. सगळ्यात स्वस्त दिवसाचं तिकीट कित्येक वर्षं १०४ डॉलरवर होतं, सगळ्यात महाग दिवसाचं २०० च्या वर गेलं. इतके पैसे घेताना, आज काय बंद आहे हे तिकीट काढायच्या पानावरच, पैसे भरण्याआधी, ठळक अक्षरांत दाखवायला हवं. ती यादी वेगळ्या पानावर शोधावी लागू नये.

“दहा वर्षं फिरकू नका.”

हा दहाचा आकडा बहुधा ‘डिस्नेलँडफॉरवर्ड’मधून उचललाय. अ‍ॅनाहाइमच्या नगर परिषदेने मे २०२४ मध्ये त्याला अंतिम मंजुरी दिली. त्यात डिस्नेने दहा वर्षांत किमान १९० कोटी डॉलर गुंतवायचं कबूल केलंय. पण हा पार्क बंद ठेवायचा आराखडा नाही. डिस्नेच्या ताब्यात आधीपासून असलेल्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम त्याने सैल झाले. त्यातली बरीच जमीन आज वाहनतळ आहे. शेजारचं कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे पार्क २००१ मध्ये उघडलं तेही डिस्नेलँडच्या जुन्या वाहनतळावरच, आणि ते बांधत असताना डिस्नेलँड रोज चालू होतं.

तेव्हा आत्या, तुम्ही जरूर या. तारीख ठरली की मला कळव, त्या आठवड्याची बंद राइडची यादी मी काढतो. तुझ्या नातवंडांतल्या चिनूला ज्या राइडमध्ये बसायचंच आहे तिचं नाव त्या यादीत असेल, तर चार दिवस पुढे-मागे करता येतात का ते विमानाचं तिकीट काढण्याआधीच बघू. आणि आगगाडीत बसताना जागा नदीच्या बाजूची धरा. बाबा सांगतात ते डावं वळण तिथूनच दिसतं.