जर्सी आली की सुतक सुरू!

दर फुटबॉल मोसमाआधी म्हापशाला भाजी-पाव खाताना हेच ऐकायचं. युरोपातल्या क्लबची नवी जर्सी आली, की आमची मंडळी मोबाइलवर फोटो मोठा करून गळा काढतात. "शी, पायपुसणं! परंपरा बुडवली!"

कसली परंपरा रे? इटलीचा युव्हेंटस क्लब आधी गुलाबी शर्टात खेळायचा. काळे-पांढरे पट्टे १९०३ मध्ये इंग्लंडच्या नॉट्स काउंटी क्लबकडून आले. २०१९ मध्ये पट्टे काढून अर्धा काळा, अर्धा पांढरा शर्ट केला आणि मधोमध बारीक गुलाबी पट्टी दिली, तर हे म्हणे, "गुलाबीचा काय संबंध?" त्याच वर्षी बार्सिलोनाने पट्ट्यांऐवजी चौकडा आणला. केवढी रडारड! मग महिन्याभरात डुप्लिकेट चौकडा घालून हेच गावभर मिरवत होते. (डुप्लिकेटचे रंग पहिल्या धुण्यात गेले, ते वेगळंच.)

कॉलर नसली तर कॉलर हवी. दिली, तर घाम येतो.

आणि फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आपल्याच एफसी गोवा क्लबची मॅच असली, की सगळे घरी. का? तर नारिंगी रंग अंगाला शोभत नाही म्हणे!