झांकी त्यांची, खुर्ची पाहुण्यांची

काल रात्रभर इंदूरमध्ये अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे हलते देखावे, पाहिल्या, पहाटे घरी आले, आणि राग काही केल्या उतरत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे.

जेल रोडवरच्या एका स्वागत-मंचापाशी माझ्यासोबत आलेल्या काकांना खुर्चीवरून उठवण्यात आले. काका 78 वर्षांचे आहेत. मंचासमोर पांढरे कापड चढवलेल्या खुर्च्यांची रांग होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक रिकाम्या होत्या, आणि गुडघे दुखू लागले म्हणून काका कडेच्या एका खुर्चीवर टेकले होते. गळ्यात बिल्ला अडकवलेला एक पंचविशीतला मुलगा आला आणि "ए बाबा, चल उठ, ये गेस्ट की कुर्सी है" असे म्हणत त्याने त्यांचा दंड धरला. काका काहीही न बोलता उठले. थोड्याच वेळात मंचावरच्या एका परिचित गृहस्थांची नजर माझ्यावर गेली, त्यांनी माइकवरून "जर्मनी से हमारी दीदी पधारी हैं" असे जाहीर केले, आणि तोच मुलगा पाण्याची बाटली घेऊन धावत आला व त्याच खुर्चीकडे हात करून "दीदी, आप यहाँ विराजिए" म्हणाला. मी बसले नाही, त्याला दोन शब्द सुनावलेही. परंतु काकांनी माझा हात दाबून "राहू दे गं, सणाच्या दिवशी कशाला" असे म्हटल्यावर मला गप्प बसावे लागले.

त्या वेळी मंचासमोरून जी झांकी चालली होती, ती काकांच्याच मिलची होती. तिच्यातल्या देवीचा हात वर-खाली हलवणारे चक्र काकांनी जुळवले होते. गेला महिनाभर ते रोज संध्याकाळी बंद पडलेल्या मिलच्या आवारात जाऊन, पत्र्याच्या छपराखाली, बल्बच्या माळांच्या आणि लाकडी सांगाड्यांच्या गराड्यात बसत होते. ज्याने झांकी हलती केली त्याला ती बसून पाहता येऊ नये, आणि जिने तिच्यातला एक खिळाही ठोकला नाही तिला केवळ परदेशातून आली म्हणून पुढची खुर्ची मिळावी, हे मला कोणत्याही हिशेबाने समजत नाही.

इंदूरबाहेरच्या मित्रांसाठी थोडे सांगते. आमच्याकडे गणेशोत्सवाचा शेवट या झांक्यांनी होतो. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी ही नावे आमच्या पिढीला देवळांच्या नावांइतकी पाठ आहेत, कारण या कापड गिरण्यांच्या भोंग्यावर सारे शहर उठत असे आणि जेवत असे. होळकरांच्या काळात, दुसऱ्या तुकोजीरावांच्या राजवटीत, संस्थानाची पहिली गिरणी उभी राहिली, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत माळव्याच्या कापसावर हे शहर वाढले. गिरणी कामगारांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून झांक्या उभ्या केल्या, त्या परंपरेला आता सुमारे शंभर वर्षे झाली. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तरी झांक्या बंद पडल्या नाहीत. आता काही पैसा महापालिका आणि विकास प्राधिकरण देते, काही देणगीदार देतात, आणि उरलेले सारे ही म्हातारी माणसे आपल्या हाताने उभे करतात. उज्जैन-देवासकडच्या गावांतून लोक आजही संध्याकाळीच येऊन फुटपाथवर सतरंज्या अंथरतात आणि पहाटेपर्यंत जागतात. मला तर वाटते की या शहराने स्वतः घडवलेली, कोणाकडून उसनी न घेतलेली हीच एक गोष्ट आहे.

काका माझ्या वडिलांचे मित्र. वडील मिलच्या हजेरी कार्यालयात होते आणि काका साच्यांवर जॉबर, म्हणजे मागांवरच्या कामगारांचे मुकादम, होते. मिलचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण सगळ्या मिलांची गोष्ट थोड्याफार फरकाने सारखीच आहे. नंदानगरात आमची घरे पाठीला पाठ लावून होती. काकांच्या घरी त्या काळी दिवाळीला बोनसमधून सर्वांना नवे कपडे येत, उन्हाळ्यात पाहुण्यांचा राबता असे, आणि माझ्या पहिल्या वर्षाच्या कॉलेजच्या शुल्कात कमी पडलेले पैसे काकांनीच वडिलांना दिले होते. ते श्रीमंत नव्हते, परंतु कोणासमोर खांदे पाडून उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आलेली मी लहानपणी पाहिली नाही. मिलचा जॉबर म्हटला की वाणी उठून नमस्कार करी.

आज त्याच घरात काकांचा मुलगा ठेकेदारामार्फत एका मॉलच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा असतो, बारा तासांची पाळी करतो, आणि भविष्य निर्वाह निधीत पैसे भरले जातात की नाही हे त्याला नक्की ठाऊक नाही. नातू मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोहोचवतो. पावसात उशीर झाला की त्याचे पैसे कापले जातात. आजोबांना हक्काची रजा होती, विमा रुग्णालयाचे कार्ड होते, संघटना होती, अन्याय झाला तर गेटावर सभा घेता येत होती. नातवाला त्याचा मालक कोण आहे हेही सांगता येत नाही, कारण त्याला काम एक ॲप देते. तीन पिढ्यांत एखादे घराणे वर चढते असे आपण ऐकत आलो. मी परत आल्यापासून या गल्लीत जी घरे पाहते आहे, ती तीन पिढ्यांत खाली उतरलेली आहेत.

तुम्ही म्हणाल, इंदूर किती पुढे गेले ते हिला दिसत नाही. दिसते. 2017 पासून स्वच्छतेत हे शहर देशात पहिले येत राहिले, रस्ते रुंद झाले, सुपर कॉरिडॉरवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, 2025 मध्ये मेट्रोही धावू लागली. हे सारे मान्य आहे. परंतु पहाटे झांक्या गेल्यानंतर तो सारा कचरा उचलून सकाळी रस्ता आरशासारखा करणारी माणसे कोण आहेत, आणि त्यांना कोणत्या मंचावर कोणी बसवले, एवढे मला सांगा.

हुकुमचंद मिलच्या कामगारांची कहाणी तर सर्वांना ठाऊक आहे. 1990च्या दशकाच्या आरंभी गिरणी बंद झाली, नंतर ती अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्यासाठी न्यायालयाच्या ताब्यात गेली, आणि कामगारांची देणी न्यायालयाच्या फायलींत अडकली. तिशी-चाळिशीतली माणसे म्हातारी झाली, कित्येक वारली, त्यांच्या विधवा तारखांना येऊ लागल्या. अखेर 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 4,800 कामगारांसाठी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला आणि त्याचा मोठा समारंभ झाला. पैसे मिळाले हे चांगलेच झाले, त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. परंतु स्वतःच्या घामाचे पैसे तीस वर्षांनी हातात पडताना माणसाने टाळ्या वाजवायच्या असतात का? भरपाई होते ती रकमेची. ज्या वयात मुलांना शिकवायचे असते ते वय कोण परत देणार?

मी जर्मनीत एसेन शहरात राहिले. तो रूर खोऱ्याचा भाग, म्हणजे कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख. आपल्याकडे जशा गिरण्या बंद पडल्या तशा तिथे खाणी बंद पडल्या. एसेनची त्सोलफेराइन ही प्रचंड खाण 1986 मध्ये बंद झाली आणि 2001 मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे जुने खाणकामगार पर्यटकांना यंत्रे दाखवत हिंडतात आणि लोक त्यांचे बोलणे टोपी काढून ऐकतात. दगडी कोळशाच्या खाणींचे अनुदान थांबवायचे हे 2007 मध्ये ठरले, परंतु शेवटची खाण बंद झाली 2018 मध्ये. मधल्या अकरा वर्षांत कोणाला लवकर निवृत्तिवेतन द्यायचे, कोणाला दुसरे काम शिकवायचे, हे माणूस-माणूस पाहून ठरवले गेले. आणि 21 डिसेंबर 2018 रोजी बोट्रोप गावी शेवटचा कोळसा वर आला, तेव्हा तो तुकडा देशाच्या राष्ट्रपतींच्या हातात खाणकामगारांनी दिला. मी तो प्रसंग दूरचित्रवाणीवर पाहिला आणि मला काकांची आठवण झाली. त्यांच्या मिलला कुलूप लागले तेव्हा ते रात्रपाळीला निघाले होते, आणि फाटकावरच्या नोटिशीने त्यांना ते कळले. डबा तसाच परत आणला होता.

जर्मनी म्हणजे स्वर्ग नव्हे, हे कबूल करते. त्या देशाजवळ पैसा आहे, आणि 1961च्या करारानंतर तुर्कस्तानातून बोलावलेल्या कामगारांना तिथेही वर्षानुवर्षे परकेच मानले गेले. मलाही काही अनुभव आले आहेत. परंतु माझ्या इमारतीतला पाण्याचे नळ दुरुस्त करणारा माणूस आणि वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य एकाच बाकावर बसून बिअर पीत असत, आणि त्यात कोणालाही विशेष काही केल्यासारखे वाटत नसे. खुर्ची रिकामी असेल तर थकलेला माणूस बसतो. याला श्रीमंत देश असावा लागत नाही.

आता सर्वांत जास्त मनस्ताप कशाचा झाला ते लिहिते. त्या बिल्लेवाल्या मुलाचा मला आता तेवढा राग येत नाही. तोही बहुधा रोजंदारीवर आला असेल, कदाचित अशाच एखाद्या गल्लीतला असेल, आणि खुर्च्या राखल्या नाहीत तर त्यालाच बोलणी बसली असती. माणसाच्या कपड्यांकडे पाहून त्याची जागा ठरवायची हे त्याला कोणीतरी शिकवले आहे. शिकवणारे मंचावर होते. त्यांतले काही आपल्याच मंडळातले, आपल्याच व्याख्यानमालेला पहिल्या रांगेत बसणारे, गणपतीत अथर्वशीर्ष म्हणणारे आहेत. काकांना उठवले तेव्हा त्यांनी ते पाहिले. मी नंतर विचारले तेव्हा एकजण म्हणाले, "अहो, ही माणसं कुठेही बसतात, एकाला बसवलं की दहा येतात."

येऊ देत ना दहा! त्या दहा जणांनीच तर ती झांकी बनवली होती. तुम्ही ज्या रस्त्यावर मंच घातला, ज्या गर्दीला हात जोडलेत, ज्या रात्रीच्या नावावर स्वतःच्या छायाचित्रांचे फलक लावलेत, ती रात्र या माणसांनी अर्ध्या पगाराच्या आणि नंतर शून्य पगाराच्या दिवसांतही जिवंत ठेवली. मिल बंद झाल्याच्या पहिल्या वर्षी काकूंच्या पाटल्या गहाण होत्या, आणि तरीही काकांनी वर्गणी दिली होती. आईने मला तेव्हाच्या पत्रात ते लिहिले होते. गिरण्या बुडाल्या त्या जुनाट यंत्रांमुळे, यंत्रमागांच्या स्वस्त कापडामुळे, मालकांनी पैसा दुसरीकडे वळवल्यामुळे, सरकारी धोरणांमुळे, ज्याचे त्याने ठरवावे. कामगारांनीही संप केले, त्यांच्या पुढाऱ्यांनीही हट्ट धरले, हेही कोणी म्हणेल तर म्हणो. परंतु गिरणी बुडाल्यावर कामगाराची किंमतही बुडाली, हे कोणत्या अर्थशास्त्रात लिहिले आहे?

इथे परतल्यापासून मी हेच जागोजागी पाहते आहे. दवाखान्यात माझ्या आईला आत बोलावतात आणि तिच्याआधी येऊन बसलेली कामवाली बाई बाहेरच राहते. ज्या घरात मुलगी परदेशी असते त्या घराला एक दार आपोआप उघडते. पूर्वी शहरात भेद नव्हता असे मी म्हणणार नाही, जातीचा होता, पैशाचाही होता. परंतु त्या वेळी सगळ्यांना एकाच भोंग्याने उठवले जात होते, मिलच्या शाळेत जॉबरचा मुलगा आणि हिशेबनिसाची मुलगी एका बाकावर बसत होती. मी त्याच बाकावर शिकले. आता जॉबरचा नातू आणि हिशेबनिसाची नात एकमेकांना फक्त दाराच्या फटीतून, डबा देताना-घेताना भेटतात.

काल घरी परतताना काका मात्र खुशीत होते. "यंदा हात अडकला नाही बघ, दोन वर्षांपूर्वी कृष्णाचा अडकला होता," असे ते रिक्षात मला सांगत होते, आणि पुढच्या वर्षी कोणता देखावा करायचा, त्याला मोटर कोणती लागेल, याचा हिशेब चालला होता. त्यांच्या बोलण्यात खुर्चीचा उल्लेखही आला नाही. त्यांचा हा मोठेपणा आहे, परंतु त्या मोठेपणाच्या आड आयोजकांनी लपू नये.

म्हणून एक मागणी करते, आणि माझ्या यादीतले जे लोक उत्सव समित्यांवर आहेत त्यांनी ती नीट वाचावी. पुढच्या वर्षी जेल रोडपासून राजवाड्यापर्यंतच्या प्रत्येक स्वागत-मंचासमोरची पहिली रांग निवृत्त गिरणी कामगारांसाठी राखून ठेवावी, त्यावर तसे लिहिलेला कागद लावावा, आणि माइकवरून पाहुण्यांची नावे घेण्याआधी झांकी बनवणाऱ्या माणसांची नावे, खात्यासकट, वाचून दाखवावीत. नावांची यादी मी मिलांच्या समित्यांकडून गोळा करून देईन, येत्या रविवारपासून त्या कामाला लागते आहे. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी खाली लिहावे. आणि ज्या समितीला हे जमणार नसेल, तिने माझ्या घरी वर्गणी मागायला येऊ नये.