आठ-अठराची साडेसाती

टायर गोटा झालंय की नाही हे ठरवायला आमच्याकडं एकच टेस्ट आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबायचं, टायरला एक लाथ घालायची आणि "अजून एक सीझन निघतंय गा" म्हणून पुढं जायचं. ह्या परीक्षेत आमच्या मिनी ट्रॅक्टरची मागची दोन्ही टायरं वर्षानुवर्षं पास होत आली. नक्षी संपलेली, बाजूला भेगा पडलेल्या, एका ठिकाणी तर आतला धागा बाहेर येऊन गाव बघायलाय, तरी आप्पा म्हणणार, चालतंय.

शेवटी उसाच्या भरणीला, म्हणजे बुडाला माती चढवायच्या वेळी, ते चालेना. आमचं रान वेदगंगेकाठचं, काळं, पाऊस पडून गेला की पायातली चप्पल ठेवून घेणारं, त्यात ट्रॅक्टर सरीत शिरला आणि जागच्या जागी चाकं फिरवत बसला, तेव्हा मी घरी जाहीर केलं की टायरं बदलायची. आणि जाहीर केलं ना, तिथनंच सगळं सुरू झालं, कारण आमच्या गावात लग्न ठरवताना लोक जरा तरी दबकत बोलतात, टायरच्या बाबतीत कुणी दबकत नाही.

ट्रॅक्टरची ओळख करून देतो. कर्नाटकचं केए-२३ पासिंग, अठरा एचपीच्या आसपासचा, आप्पांनी सेकंड हँड घेतलेला. मागचं टायर ८.००-१८, पुढचं ५.००-१२. म्हणजे मागच्या टायरची रुंदी आठ इंच आणि रिम अठरा इंचाची, एवढा साधा हिशेब, आणि तो टायरच्या अंगावरच लिहिलेला असतो. पण टायर वाचत कुणी नाही. सगळे दाबतात, ठोकतात, लाथ घालतात. तात्या म्हणाले, एक साईज मोठं घाल, वीसचं, उंची येते. मी म्हटलं तात्या, रिम अठराची आहे, वीसचं टायर बसणार कसं? तर म्हणाले, "बसवणारा चांगला पाहिजे." शेजारचे म्हणाले, नवीन कशाला, रिमोल्ड करून आण. आता ज्या टायरच्या बाजूच्या भिंतीच फाटल्यात त्याच्यावर वरनं नवीन रबर चढवून काय उपयोग, पण त्यांचा ट्रकच्या धंद्यातला पाव्हणा आहे, त्यामुळं तो विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा.

पुतण्यानं मोबाईलवर 'गार्डन ट्रॅक्टर टायर' असं टाकून शोधलं. आली की भरपूर! २३ गुणिले १०.५०-१२, गुबगुबीत, खाचा इवल्या-इवल्या. ती अमेरिकेत बंगल्यापुढचं गवत कापायच्या गाडीची टायरं, गवताला चट्टे पडू नयेत म्हणून मुद्दाम अशी उथळ केलेली. पुतण्या म्हणाला, दिसायला भारी आहेत काका. दिसायला भारी आहेतच, पण खोडव्याच्या रानात हे घातलं की त्या गवतवाल्या साहेबाची आठवण काढत मला बांधावर बसावं लागेल.

खानापूरच्या साडूंनी फोन करून वेगळंच काढलं. त्यांच्याकडं भाताचं रान, चिखलणी. ते म्हणाले भाताचं टायर घ्या, दाते खोल असतात. खरं आहे, भात-चिखलाच्या टायरचे दाते साध्या शेतीच्या टायरपेक्षा जवळपास दुप्पट खोल असतात. पण आमचा ट्रॅक्टर रानात असतो त्यापेक्षा रस्त्यावर जास्त असतो, खत आण, डिझेल आण, आजीला दवाखान्यात ने. डांबरावर ते खोल दाते झिजणार आणि वर बसणाऱ्याचे दात वाजणार.

मग खरेदी कुठनं करायची. निपाणीत चौकशी केली तर दुकानात सगळी मोठ्या ट्रॅक्टरची, १३.६-२८, १४.९-२८, माणसाच्या छातीएवढी रांगेत उभी. मिनीचं म्हटल्यावर दुकानदारानं माझ्याकडं असं बघितलं जसं काय मी किराणा दुकानात एक लवंग मागितली. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर आणि बेळगाव ७५, त्यामुळं घरात दोन पार्ट्या पडल्या. आप्पा कोल्हापूरवाले, कारण कागलात बहीण, जाता-जाता जेवण होतंय. तात्या बेळगाववाले, कारण त्यांच्या मते कोल्हापूरवाले आपल्याला केए पासिंग बघून रेट लावतात. आता टायर काय ट्रॅक्टरवर बसूनच आणायला जायचंय काय, मोटारसायकलचं पासिंग कोण बघतो, पण ऐकतंय कोण. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तसा आमच्या सोप्यातला दावाही पडूनच राहिला असता, पण पाऊस उघडला होता आणि भरणी थांबणार नव्हती. बायकोनं चहाचे कप उचलता-उचलता निकाल दिला, "अहो, जिथं आधी मिळंल तिथनं आणा की."

आधी मिळालं ते एका तिसऱ्याच ठिकाणी, हायवेला. दुकानदार एकदम गोड. "एकदम फ्रेश माल साहेब." टायरवर एका कोपऱ्यात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी खाली वाकलो, बॅटरी मारली, १११९. म्हणजे २०१९ सालचा अकरावा आठवडा. मी म्हटलं हे फ्रेश? तर म्हणतो, "वापरलेलं नाही ना साहेब, मग फ्रेशच." तर्क म्हणून बघितलं तर चूक काढता येत नाही. पण रबर नुसतं उभं राहूनही वाळतं, कडक होतं, भेगाळतं, त्याला ट्रॅक्टर लागत नाही. वर बिलात जीएसटी १८ टक्के धरलेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबचा जीएसटी ५ टक्के झालाय हे गावातल्या बारक्या पोरालाबी पाठ आहे. तर हा म्हणतो, जुना माल जुन्या रेटनं. म्हणजे माल दाखवताना फ्रेश आणि टॅक्स लावताना जुना! मी जरा आवाज वाढवल्यावर आतनं दुसरी जोडी आली, तारीख बरी, टॅक्स ५. मग ८ प्लाय घ्या म्हणून मागं लागला, स्ट्राँग म्हणे. प्लायचा आकडा जास्त म्हणजे वजन पेलायची ताकद जास्त, पण आमच्या हलक्या ट्रॅक्टरला एवढं कडक टायर घातलं तर ते रानात दबणारच नाही, आणि टायर दबलं तरच माती धरतं. ६ प्लाय घेतलं, ट्यूबा नवीन घेतल्या, निघालो.

बसवायला दिलं पंक्चरवाल्याकडं. त्याचं गिऱ्हाईक सगळं ट्रकचं, पोरगा कन्नड बोलणारा, हाताला जोर भयंकर. नट गंजलेले, पान्याला पाईप लावून त्यावर दोघं लोंबकळले तेव्हा पहिला सुटला. मग त्यानं व्हॉल्व्हची पिन काढली आणि गणपतीच्या देखाव्यातल्या कारंज्यासारखं तांबडं पाणी त्याच्या तोंडावर. पोरगं दोन पावलं मागं. "इदेनरी?" आप्पा शांतपणे म्हणाले, "पाणी हाय." टायरमध्ये वजनासाठी पाणी भरतात, व्हॉल्व्ह वर ठेवून त्या पातळीपर्यंत भरलं की पाऊण टायर भरतं, चाक जड होऊन घसरायचं कमी होतं, हे सगळं ठीक, पण हे भरलंय हे आप्पांनी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, "कुणी विचारलंच न्हाई." ट्यूब कधीतरी झिरपली असणार, त्या पाण्यानं रिम आतनं खाल्लेली. तारेच्या ब्रशनं घासा, रेड ऑक्साइड मारा, वाळवा. तोवर तात्यांनी त्या पोराला तंबाखूपासून पावसापर्यंत सगळं समजावून सांगितलं, मराठीत, आणि त्यानं सगळ्याला "हौद्री", म्हणजे होय हो, म्हटलं.

साबणाचं पाणी लावून टायर चढलं. मग हवा. ट्रकच्या टायरला शंभरच्या वर हवा मारायची सवय, हा पोरगा चाळीसला थांबला तर त्याला वाटायलंय आपण ट्रॅक्टरला उपाशी ठेवलं. मी म्हटलं बारा ते सोळा पौंड. "आगूदिल्लरी!" म्हणजे जमणार नाही, टायर रिमवर बसणार नाही. बीड, म्हणजे टायरची रिमला धरणारी कड, बसवायला जास्त मारली ते मान्य, नंतर सोड की. सोडायला लागला तर त्याच्या गेजचा काटा वीसच्या खाली कुठं थांबेल त्याचं त्यालाच ठरत नाही. शेवटी माझ्याकडचा छोटा गेज काढला. तात्यांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, पंक्चर आहे.

ट्रॅक्टर घरी आणला, परड्यात लावला. आई सोप्यात तांदूळ निवडत बसलेली, तिनं चष्म्यावरनं मागनं बघितलं आणि म्हणाली, "एक चाक रानाकडं चाललंय आणि एक घराकडं, असं का रं?"

सगळे मागं धावले. खरंच की! एका टायरचे दाते वर टोक करून, दुसऱ्याचे खाली. मागनं बघितलं की टोक वर दिसलं पाहिजे, म्हणजे टोक आधी जमिनीला टेकतं, पकड येते आणि चिखल दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. टायरवर बाण असतो त्यासाठी, दिशा दाखवणारा. लिहिलेलं असतं! ट्रॅक्टर जातो पुढं पण मातीत उमटलेली टोकं मागं दाखवतात ती ह्याच कारणानं.

परत पंक्चरवाला. तो हसला आणि म्हणाला सोपं आहे, टायर काढायचंच नाही, आख्खं चाक उलटं करून लावू, आतली बाजू बाहेर. बाण सरळ होतो. ऐकायला इतकं बरं वाटलं की आप्पा लगेच तयार. पण चाकाची प्लेट सपाट नसते, एका अंगाला बसकी असते, उलटी लावली की चाक आत किंवा बाहेर सरकतं. रुंदी कमी-जास्त करायला तसं मुद्दाम करतात, पण दोन्ही चाकांची अदलाबदल करून, डावं उजवीकडं, उजवं डावीकडं, म्हणजे बाण सरळच राहतो. एकच उलटवलं तर एक चाक आत, एक बाहेर, आणि साडेचार फुटी सरीत ते बाहेरचं चाक थेट उसाच्या अंगावर. हे मी काठीनं मातीत चित्र काढून सांगितलं. गर्दी जमली. एकानं विचारलं, रस्ता कुठनं जाणार आहे म्हणून.

शेवटी टायर रिमवरनं उतरवून फिरवून घेतलं, पोरानं त्याचे वेगळे पैसे मागितले, मी बाणाकडं बोट दाखवलं, त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याला चहा पाजला. एवढ्यावर भागलं. पाणी परत भरायचं की नाही ह्यावर आप्पा आणि मी अजून बोलत नाही.

भरणी झाली. चाकं माती धरतात, टोकं मागं उमटतात, सगळं बरोबर. जुन्या टायरांपैकी एक शेजारच्यांनी वैरणीच्या ताडपत्रीवर ठेवायला नेलं, जाताना लाथ घालून बघितलं आणि म्हणाले, अजून एक सीझन निघालं असतं की हो. दुसरं परड्यातच पडलंय. कुणाला पाहिजे असेल तर आपल्या गाडीनं येऊन घेऊन जा, पैसे नकोत, आतलं पाणी तेवढं तिथंच ओतून जा, आणि नवीन टायरांबद्दल काहीही बोलायचं नाही.