बाई घरात होती, पण कुणाच्या?

मंगळवारी रात्री काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. ‘खूपदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का असलेला. वर एक रंगीत चित्र: उघडा फ्रिज, त्यासमोर अ‍ॅप्रन बांधलेली, उंच टाचांची, गळ्यात मोत्यांची माळ घातलेली हसरी गोरी बाई. खाली मथळा, ‘१९५०ची अमेरिका : एक कमवायचा, सहा जण खायचे!’ मग मुद्दे. एका पगारात घर-गाडी-चार मुलं, कर्ज नाही. कर नाहीत, सरकारची लुडबुड नाही. घटस्फोट नाहीत. मुलं संस्कारी. शेजारपाजार भावाभावासारखा. आणि शेवटी ठोसा, ‘बाई घराबाहेर पडली आणि घर मोडलं. विचार करा.’

त्यावर काकांची स्वतःची एक ओळ होती: ‘आपल्या नव्या आईसाठी खास.’

नवी आई म्हणजे माझी भाची. बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपवून ती सोमवारी कामावर रुजू होते आहे. ग्रुपवर ती काहीच बोलली नाही. साडेअकराला तिचा मला फोन आला. ‘आत्या, हे खरं आहे का गं?’ आवाज रडून झाल्यासारखा. तेव्हा काका, हे उत्तर तुम्हाला, आणि ज्यांच्या ज्यांच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोय त्यांना.

आधी ते चित्र. ती फ्रिजची जाहिरात आहे. कापणाऱ्यानं घाई केली, कोपऱ्यात कंपनीच्या नावाची अर्धी अक्षरं राहिलीत. उद्या कुणी आपल्या मसाल्यांच्या जाहिराती बघून लिहिलं की मराठी बायका पैठणी नेसून फोडणी घालत असत, तर चालेल का?

आता घर-गाडी. यातलं अर्धं खरं आहे, आणि ते कबूल करणं माझ्या जिवावर आलंय. महायुद्धानंतर अमेरिकेत पगार खरंच वाढले, साध्या कारखान्यातल्या माणसाला घर घेता आलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत १९४७ ते १९५१ मध्ये लेव्हिटाउन नावाची वसाहत उठली, सतरा हजारांवर घरं. १९४९ साली तिथल्या घराची किंमत होती ७,९९० डॉलर. मेसेजवाल्यानं त्याचे आजच्या भावानं रुपये करून ‘सात लाखांत बंगला!’ असं लिहिलंय. अहो, तेव्हा डॉलर पावणेपाच रुपयांच्या आसपास होता. आणि किंमत ताडायची तर तिथल्याच कमाईशी ताडा. १९५० साली मधल्या अमेरिकन कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ३,३०० डॉलर होतं, म्हणजे अडीच वर्षांच्या कमाईत घर. आज पुण्यात कुणाला हे जमेल? नाही जमणार. हा मुद्दा काकांचा.

पण ‘कर्ज नाही’? ती अख्खी वसाहतच कर्जावर उभी होती! माजी सैनिकाला सुरुवातीला एक डॉलरही भरावा लागत नसे आणि महिन्याचा हप्ता ५८ डॉलरच्या घरात. हे शक्य झालं, कारण १९४४च्या कायद्यानं माजी सैनिकांच्या गृहकर्जाची हमी सरकारनं घेतली होती. म्हणजे ‘सरकारची लुडबुड नाही’ हाही मुद्दा त्याच हप्त्यात वाहून गेला. आणि बंगला म्हणजे साडेसातशे-आठशे चौरस फूट, दोन खोल्या निजायच्या, न्हाणीघर एक.

करांचं एका ओळीत उरकते: सगळ्यात वरच्या उत्पन्नावर तेव्हा ९१ टक्के दर होता. पळवाटा होत्या, श्रीमंत प्रत्यक्षात तेवढा भरत नसत, पण ‘कर नाहीत’ हे लिहायला धाडस लागतं.

ज्यांना आकडे हवेत त्यांनी अमेरिकेची १९५०ची जनगणना काढावी. सरकारी माणसं दारोदार फिरून गोळा केलेली माहिती आहे, कुणा चळवळीचं पत्रक नव्हे. तीत घराघरातले नळ आणि संडास मोजलेत. गरम-गार पाण्याचा नळ, स्वतःचं न्हाणीघर आणि स्वतःचा संडास, हे तिन्ही एकत्र नसलेली घरं तब्बल एक तृतीयांश. फ्लशचा संडासच नसलेली जवळजवळ एक चतुर्थांश. मोत्यांची माळ घालून परसात जाणारी बाई कुठल्या जाहिरातीत दिसते का?

आणि आता ज्या वाक्यानं पोरीला रडवलं ते. बाई घरात होती.

सरकारचेच आकडे: १९५० साली अमेरिकेतल्या दर तीन प्रौढ बायकांतली एक कमावती होती. संसारी बायकांचं, म्हणजे नवऱ्यासोबत राहणाऱ्यांचं बघा. १९५० मध्ये त्यांतल्या सुमारे २४ टक्के नोकरी करत होत्या, १९६० मध्ये ३० टक्के. ज्या दशकात बाई घरात सुखानं बसली होती म्हणे, त्याच दशकात ती बाहेर पडत होती. फ्रिजचे हप्ते कुणीतरी भरायचे होतेच.

पण मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ‘घरात’ म्हणजे कुणाच्या घरात? नोकरी करणाऱ्या दर पाच काळ्या बायकांतल्या दोघी १९५० साली दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणं, पोरं सांभाळणं हीच कामं करत होत्या. अलाबामातल्या माँटगोमेरीत डिसेंबर १९५५ पासून काळ्या लोकांनी वंशभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला, ३८१ दिवस. त्यात पायी चालणाऱ्या कितीतरी जणी या मोलकरणीच होत्या. काम अडायला लागलं तशा गोऱ्या मालकिणी त्यांना गाडीतून आणा-पोच करू लागल्या, तेव्हा शहराच्या महापौरानं मालकिणींनाच दटावलं. एका बाईचं घर चालावं म्हणून दुसरी पहाटे आपलं घर सोडून निघायची. मेसेजमध्ये तिचा पत्ता नाही.

लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या भाडेकरारात तर हे ठळक अक्षरांत छापलेलं होतं: गोऱ्या वंशाखेरीज कुणालाही इथे राहू देता येणार नाही, मात्र गोऱ्या नसलेल्या घरनोकरांना ठेवायला हरकत नाही. आपण कशात मोडतो, काका? तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९२३ मध्येच, पंजाबातून तिथे गेलेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना गोरं मानायला नकार दिला होता. १९४६च्या कायद्यानं तिथे स्थायिक व्हायचं दार किलकिलं झालं ते वर्षाला १०० भारतीयांपुरतं. ज्या वसाहतीसाठी तुम्ही उसासे टाकताय, तिच्या त्या करारात आपल्याला जागा होती ती मोरीवर. भावाभावासारखा शेजार म्हणाल, तर त्याच बिल्डरनं पेनसिल्व्हेनिया राज्यात बांधलेल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये पहिलं काळं कुटुंब राहायला आलं आणि शेकडो लोक घरासमोर जमले, दगडफेक झाली.

घटस्फोट ‘नव्हते’, म्हणजे वर्षाला पावणेचार लाखांच्या आसपास होते. पुढच्या काळापेक्षा कमी, हे मान्य. पण मिळवून तर बघायचा! न्यूयॉर्क राज्यात १९६६ साली कायदा बदलेपर्यंत व्यभिचार हे एकच कारण चालायचं. मग दोघांच्या संमतीनं नाटक व्हायचं: हॉटेलातली खोली, भाड्यानं आणलेली बाई, ठरल्या वेळी दार उघडून आत येणारा फोटोग्राफर. ऐपत असेल तर नेव्हाडातल्या रीनोला जाऊन सहा आठवडे मुक्काम ठोकायचा आणि तिथला रहिवासी म्हणून मोकळं व्हायचं. संसार टिकत नव्हते, अडकत होते.

संस्कारी मुलांबद्दल एवढंच: अमेरिकेत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींच्या बाळंतपणाचा उच्चांक १९५७ सालचा आहे, हजारी ९६. आज तो पंधराच्याही खाली आहे. त्यातल्या बहुतेकींची लग्नं झालेली होती, हे खरं. किती घाईनं, ते तारखांवरून समजून घ्या.

आता अमेरिका राहू दे. डोंबिवलीचा तुमचा फ्लॅट कुणाच्या पतपेढीच्या कर्जावर उभा राहिला? काकूनं एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. लोकलच्या बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी पसरून ती मटार सोलायची, मी लहानपणी तिच्याबरोबर सोललेत. तेव्हा कुठलं घर मोडलं होतं?

काकू ग्रुपवर काही लिहीत नाही. पण काल तिचा फोन आला होता. सोमवारपासून महिनाभर ती बाळाला सांभाळायला बाणेरला येते आहे. काकांच्या डब्याचं बघ म्हणाली.